अबोल पुरुषार्थाची दीर्घ खेळी

अकलूज : नीरेच्या काठावरील अकलूजपासून कृष्णेच्या काठावरील सांगलीपर्यंतच्या मुलखात शरीरसामर्थ्याचा विषय निघाला, की प्रथम डोळ्यांसमोर येते ती तालीम. लाल माती, जोर-बैठका, खुराक आणि कोनाड्यातील मारुतीची शेंदरी मूर्ती. पुरुषार्थाची व्याख्या या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या आखाड्यातच केली. ऑलिम्पिकपदक विजेते खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. याच मुलखात, सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी ११ मार्च १९१५ रोजी जन्मलेल्या एका मुलाने मात्र शरीराच्या कसोटीचे वेगळेच मैदान निवडले. त्या मैदानावर दंड थोपटायचे नव्हते. दिवसचे दिवस उन्हात उभे राहायचे होते. त्या मुलाचे नाव विजय सॅम्युएल हजारे.

भारतीय क्रिकेटच्या इतिहासात हजारे यांचे नाव बहुधा आकड्यांच्या संदर्भात घेतले जाते आणि आकडे आहेतही तसेच. ३० कसोटी सामने, २१९२ धावा, ४७.६५ची सरासरी, ७ शतके. प्रथम श्रेणीत १८,७४० धावा, ६० शतके आणि शिवाय ५९५ बळी. ज्या काळात संघ वर्ष-वर्ष कसोटी खेळत नसे आणि ऐन उमेदीची वर्षे महायुद्धाने गिळली, त्या काळातले हे आकडे आहेत. परंतु हजारे यांच्या आयुष्याला आणखी एक पदर आहे व त्याकडे फारसे कोणी वळत नाही. धर्मावरून संघ पडत, त्या काळात ते वाढले. त्यांच्या वाट्याला आलेल्या संघाला स्वतःचे नावही नव्हते.

खेळ आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचे नाते इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जुळले. चार्ल्स किंग्जले आणि थॉमस ह्यूज या लेखकांनी बलोपासक ख्रिस्ती धर्माची कल्पना लोकप्रिय केली. ह्यूज यांची रग्बी शाळेतील जीवनावरची कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मैदान हीच चारित्र्याची शाळा होय, हा विचार साम्राज्यभर पसरला. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, ही प्रेषित पौलाची शिकवण या मंडळींना आधाराला मिळाली; करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौलाने धावण्याच्या शर्यतीचा आणि मुष्टियोद्ध्याचा दृष्टान्त दिला होताच. पुढे वायएमसीएने या कल्पनेला संस्थेचे रूप दिले. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल हे दोन्ही खेळ अमेरिकेत याच संस्थेच्या व्यायामशाळांत १८९१ आणि १८९५ मध्ये जन्मले. मद्रासला १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षित शिक्षक देशात तयार होऊ लागले.

या विचाराला एक दुखरी बाजूही होती. गोरा साहेब तेवढा मर्द आणि एतद्देशीय माणूस दुबळा, असा अहंकार त्यात मिसळलेला असे. मराठी ख्रिस्ती समाज या दोहोंच्या मधोमध उभा होता. धर्म साहेबाचा म्हणून आपल्यांनी दुरावलेला आणि रंग एतद्देशीय म्हणून साहेबाने दूर ठेवलेला. तरीही या समाजाने आपली भाषा सोडली नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंग आणि कीर्तन यांतून मराठी अंगणात आणले. हजारे यांच्या घरातही वडिलांचे नाव सॅम्युएल, पण मुलांची नावे विजय आणि विवेक. श्रद्धा ख्रिस्ताची आणि नावे अस्सल मराठी, यात त्या घराला कुठेही विसंगती वाटली नाही.

शिक्षकाचे घर, आठ भावंडे. क्रिकेट हा तेव्हा पैशाचा खेळ नव्हता. संस्थानिकाचा आश्रय मिळाला तरच खेळाडूची चूल पेटे. रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली आणि हजारे यांचे प्रथम श्रेणीतील पदार्पण त्याच सुमारास झाले. आरंभी त्यांची ओळख फलंदाज अशी नव्हतीच. मध्यमगती गोलंदाज, जो गरजेला फलंदाजीही करतो, एवढीच ती होती. त्यांच्या फलंदाजीच्या पवित्र्याकडे पाहून जाणकार नाके मुरडीत. बॅट दोन पॅडच्या मधोमध, दांड्यावर दोन्ही हातांत अंतर. शास्त्रात न बसणारे असे ते ध्यान होते. ऑस्ट्रेलियाचे विख्यात लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. ग्रिमेट यांनी त्यांचा पवित्रा बदलला नाही, तो आहे तसाच ठेवण्याचा सल्ला दिला. भारतीय क्रिकेटवर ग्रिमेट यांचे हे मोठेच उपकार म्हणावे लागतील. हौशी सुधारकांच्या हाती पडले असते तर हजारे यांचे काय झाले असते, कोण जाणे.

१९३९-४० च्या मोसमात पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडकातील हे पहिले त्रिशतक. पुढे बडोद्याच्या महाराजांच्या पदरी ते रुजू झाले आणि बडोदा हेच त्यांचे घर झाले.

मात्र ज्या स्पर्धेने हजारे यांना घरोघरी पोचवले, ती रणजी नव्हे, मुंबईची पंचरंगी. तिची मुळे १८९२ मध्ये सुरू झालेल्या युरोपियन विरुद्ध पारशी या सामन्यांत होती. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला आणि तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिमांचा आला आणि चौरंगी झाली. १९३७ मध्ये पाचवा संघ घेण्यात आला. त्यात ख्रिस्ती होते, ज्यू होते, बौद्ध होते. जे वरच्या चार नावांत बसत नाहीत, ते सारे होते. या संघाचे नाव ‘द रेस्ट’, म्हणजे ‘इतर’ अथवा ‘उरलेले’. ज्याच्या श्रद्धेला फलकावर नावही मिळत नाही, त्याने त्या श्रद्धेच्या नावावर खेळायचे, असा हा विचित्र प्रकार होता. ‘इतर’ संघाला पंचरंगीचे विजेतेपद एकदाही मिळाले नाही.

धर्मावर आधारलेल्या या स्पर्धेला विरोध वाढत होता. १९४० मध्ये महात्मा गांधींनीही तिच्याविरुद्ध कौल दिला होता. परंतु मुंबईच्या प्रेक्षकांचे तिच्यावरचे प्रेम आटले नव्हते. सामन्यांना गर्दी उसळे. १९४३ च्या अखेरीस ब्रेबोर्न स्टेडियमवर जे घडले, ते त्या गर्दीनेही पूर्वी पाहिले नसावे.

स्पर्धेतील सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम तेव्हा विजय मर्चंट यांच्या नावावर होता, नाबाद २४३. हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा काढून तो मोडला. अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून मर्चंट यांनी लगेच नाबाद २५० धावा केल्या व विक्रम परत घेतला. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. ‘इतर’ संघ १३३ धावांत गारद झाला. त्यात हजारे यांच्या ५९. फॉलोऑन मिळाला आणि दुसऱ्या डावातही पडझड सुरू झाली. निम्मा संघ तंबूत परतला असताना विजय यांच्या जोडीला त्यांचा भाऊ विवेक आला.

त्या भागीदारीची कहाणी सांगताना विजय यांच्या धावांचा उल्लेख सारेच करतात. विवेक यांचा उल्लेख करणारे थोडे. भावाभावांनी ३०० धावांची भर घातली, तीत विवेक यांचा वाटा अवघा २१ धावांचा होता. तासन्‌तास एक टोक धरून ठेवायचे, स्वतःच्या नावावर काहीही जमा होऊ द्यायचे नाही आणि समोर भाऊ विक्रम रचत असताना आपण केवळ बाद व्हायचे नाही. याला कोणत्याही तालमीत किताब मिळत नाही. विवेक बाद झाल्यावर उरलेला डाव कोसळण्यास वेळ लागला नाही. ‘इतर’ संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतील ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या, म्हणजे जवळपास ८० टक्के. हिंदू संघाने सामना एक डाव ६१ धावांनी जिंकला. मर्चंट यांचा विक्रम पुन्हा मोडला गेला होता. मात्र त्याच मोसमात मर्चंट यांनी रणजीत महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा फटकावून या स्पर्धेचा पुढचा अंकही लिहिला.

दोन विजयांच्या या चढाओढीने मुंबई वेडी झाली होती. वास्तविक हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असा रंग चढायला काही कमी नव्हते. तो चढला नाही, कारण दोघांच्याही वागण्यात त्याला थारा नव्हता. मर्चंट रेखीव, नागर, बोलके. हजारे संकोची, मितभाषी, मैदानाबाहेर जवळजवळ अदृश्य. प्रतिस्पर्ध्याचा विक्रम मोडल्याचा आनंदही ते दाखवीत नसत. बलोपासक ख्रिस्ती धर्माच्या इंग्रज पुरस्कर्त्यांनी ज्या मर्दानगीचे गोडवे गाइले, ती छाती काढून चालणारी होती. हजारे यांच्या अंगी उतरली ती दुसरी जात: सोसण्याची, वाट पाहण्याची, स्वतःवर ताबा ठेवण्याची. प्रार्थनेला बसलेल्या माणसाची एकाग्रता आणि त्यांची फलंदाजी यांत साम्य होते असे म्हटले, तर ते फार अलंकारिक ठरू नये. श्रद्धेची जाहिरात मात्र त्यांनी कधी केली नाही.

पंचरंगी १९४६ मध्ये कायमची बंद पडली. पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात बडोद्यात रणजीचा अंतिम सामना झाला, बडोदा विरुद्ध होळकर. देशात तेव्हा फाळणीचे वारे होते. पंजाब पेटला होता, धर्म विचारून माणसे मारली जात होती. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले असताना हजारे आणि गुल मोहम्मद ही जोडी जमली. एक सांगलीचा मराठी ख्रिस्ती, दुसरा लाहोरचा बुटका डावखुरा मुसलमान. दोघांनी ५३३ मिनिटे फलंदाजी करून ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. बडोद्याने एक डाव ४०९ धावांनी विजय मिळवला. कोणत्याही गड्यासाठी जगातील सर्वांत मोठी भागीदारी हा तिचा मान २००६ पर्यंत, म्हणजे श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडेपर्यंत टिकला. चौथ्या गड्यासाठीचा विक्रम त्यानंतरही अबाधित राहिला. गुल मोहम्मद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ मध्ये त्या देशाकडूनही एक कसोटी खेळले. ५३३ मिनिटे, म्हणजे सुमारे नऊ तास. आज खेळाडूंच्या दिमतीला फिजिओ असतात, आहारतज्ज्ञ असतात, मधल्या विश्रांतीत बर्फाच्या पिशव्या असतात. तेव्हा असत ते मार्चचे ऊन, पाण्याचा ग्लास आणि अंगातली रग. आणि हजारे नुसते फलंदाज नव्हते. चेंडू हाती घेऊन षटकांमागून षटके टाकण्याचे कामही त्यांच्याकडेच असे.

कसोटीची टोपी त्यांच्या डोक्यावर चढली तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. १९४६ चा इंग्लंड दौरा. यॉर्कशायरविरुद्ध त्यांनी नाबाद २४४ धावा केल्या. पुढच्या वर्षी अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली संघ ऑस्ट्रेलियात गेला, ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियात. सिडनी आणि अॅडलेड अशा दोन कसोटींत हजारे यांनी ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडवला, हे सहसा विसरले जाते. अॅडलेडला तोवर ब्रॅडमन यांनी २०१ धावा केल्या होत्या हे खरे, परंतु ब्रॅडमनचा त्रिफळा तो त्रिफळाच.

जानेवारी १९४८ मधील ही अॅडलेड कसोटी हजारे यांच्या आयुष्याचा मध्यबिंदू होय. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावा. भारताच्या पहिल्या डावात ३८१, त्यात हजारे ११६ आणि दत्तू फडकर १२३. फॉलोऑननंतर लिंडवॉल यांनी खाते उघडण्यापूर्वीच मंकड आणि अमरनाथ यांना परत पाठवले. धावफलकावर शून्यावर दोन बाद. तेथून हजारे यांनी १४५ धावा केल्या. संघाच्या एकूण धावा २७७. भारत एक डाव १६ धावांनी हरला. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके करणारे ते पहिले भारतीय ठरले. संघाचा पराभव आणि हजारे यांचे शतक ही जोडी पंचरंगीपासूनच त्यांच्या मागे लागली होती.

पुढील वर्षी तर विजय हाताशी येऊन निसटला. फेब्रुवारी १९४९, मुंबई, वेस्ट इंडीजविरुद्धची पाचवी कसोटी. जिंकण्यासाठी ३६१ धावा हव्या होत्या. हजारे यांच्या १२२ धावांनी भारत लक्ष्याच्या अगदी समीप गेला. ८ बाद ३५५ या धावसंख्येवर खेळ थांबवण्यात आला. वेळ शिल्लक असताना तो थांबला, ही चुटपुट त्या पिढीच्या मनातून गेली नाही. सहा धावा. कसोटीतील भारताचा पहिला विजय त्या सहा धावांनी तीन वर्षे लांबला.

तो आला १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला. इंग्लंडचा एक डाव ८ धावांनी पराभव झाला. मंकड यांचे १२ बळी, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांची शतके. कर्णधार होते विजय हजारे. याच मालिकेत दिल्लीला मर्चंट आणि हजारे यांनी एकत्र २११ धावांची भागीदारी केली होती. मर्चंट यांनी १५४ धावा काढून भारतीय फलंदाजाच्या सर्वोच्च कसोटी धावसंख्येचा विक्रम नोंदवला आणि त्याच डावात हजारे यांनी नाबाद १६४ धावा करून तो मागे टाकला. पंचरंगीचा खेळ पुन्हा रंगला, फक्त या वेळी दोघे एकाच संघात होते. मर्चंट यांची ती अखेरची कसोटी ठरली. पुढच्या मुंबई कसोटीत हजारे यांनी १५५ धावा केल्या.

सांगलीचा हा ख्रिस्ती मुलगा, जो नऊ वर्षांपूर्वी ‘इतर’ होता, तो भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारा कर्णधार झाला. त्या दिवशी कोणाला त्याच्या धर्माची आठवण झाली असेल असे वाटत नाही. पुढे १९६७ मध्ये अॅडलेडला चंदू बोर्डे या पुण्याच्या मराठी ख्रिस्ती घरातील खेळाडूने एका कसोटीत भारताचे नेतृत्व केले.

परंतु हजारे यांच्या कर्णधारपदाची कहाणी गौरवाने संपत नाही. १९५२ च्या उन्हाळ्यातील इंग्लंड दौरा वाईट गेला. लीड्सला पहिल्या डावात तरुण विजय मांजरेकर यांच्यासह त्यांनी २२२ धावा जोडल्या, मांजरेकर १३३ आणि स्वतः ८९. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रूमन नावाचा नवा वेगवान गोलंदाज आला आणि शून्यावर चार बाद असा धावफलक झाला. त्यानंतर हजारे यांनी ५६ आणि फडकर यांनी ६४ धावा करून थोडी लाज राखली. जुलैमध्ये मँचेस्टरला तर भारत एकाच दिवशी दोनदा सर्वबाद झाला, ५८ आणि ८२. भारतीय फलंदाज वेगवान गोलंदाजीसमोर पाय मागे घेतात, अशी टवाळी झाली. मर्दानगीचा प्रश्न पुन्हा साहेबाने उपस्थित केला. त्याच जुलै महिन्यात हेलसिंकीत खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, पण इंग्लंडमधील ती कुचेष्टा त्यामुळे थांबणार नव्हती. हजारे यांनी तिला कोणतेही उत्तर दिले नाही.

त्यांनी एकूण १४ कसोटींत नेतृत्व केले. एक जिंकली, पाच हरल्या, आठ अनिर्णित राहिल्या. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याबरोबर त्यांची कसोटी कारकीर्दही संपली. कर्णधारपद हीच हजारे यांच्या क्रिकेटची शोकांतिका होय, असे मत पुढे मर्चंट यांनीच नोंदवले. त्यात तथ्य आहे. ज्या स्वभावाने ते फलंदाज म्हणून मोठे झाले, तोच नेतृत्वात आड आला. दुसऱ्यावर आवाज चढवणे, सहकाऱ्याला फैलावर घेणे, जुगार खेळणे त्यांना साधले नाही. सावध, बचावात्मक कर्णधार असा शिक्का बसला आणि तो अन्याय्य होता असे म्हणता येत नाही. मात्र कर्णधार असतानाही त्यांनी शतके केली, हेही विसरता येत नाही.

१९६० मध्ये त्यांना आणि जसू पटेल यांना पद्मश्री देण्यात आली. क्रिकेटपटूंना मिळालेल्या या पहिल्याच पद्मश्री. नंतरची चार दशके हजारे बडोद्यात राहिले. समालोचनाच्या खोलीत नाही, वादात नाही, आठवणींच्या मैफलीतही क्वचितच. कर्करोगाशी दीर्घकाळ झुंज देऊन १८ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या ८९व्या वर्षी त्यांचे बडोद्यात निधन झाले. क्रिकेट नियामक मंडळाची राष्ट्रीय एकदिवसीय स्पर्धा नंतर त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांच्या फलंदाजीचा वेग पाहता पन्नास षटकांच्या स्पर्धेला हे नाव देण्यात थोडी गंमतच आहे. संघांची नावे त्या स्पर्धेत मुंबई, बडोदा, महाराष्ट्र, सौराष्ट्र अशी असतात.